खाऊची ओव्हर

मुलांनो, अशी कल्पना करा की बॅट तुमच्या हातात आहे. रविवारची सकाळ. ज्वारी काढून रोलर फिरवलेलं रान, भोवती फक्कीची पांढरी रेघ, आणि रेघेपलीकडे चार गावांची माणसं. एकच ओव्हर उरली आहे आणि जिंकायला सत्तावीस धावा हव्यात. माईकवरचे दिनकरअण्णा सांगून मोकळे झालेत की सामना संपल्यात जमा आहे, मंडळींनी आता जेवणाचं बघावं. निम्मी माणसं चपला शोधायला लागली आहेत. समोरच्या संघातल्या मुली एकमेकींना टाळ्या देताहेत.

आणि तुम्हाला माहीत आहे की सामना संपलेला नाही. अजून खरी मजा बाकी आहे. पण हे मैदानावर फक्त तुमच्या संघाला ठाऊक आहे. समोरच्या संघाला त्याचा पत्ताच नाही.

अशा वेळी तुम्ही काय केलं असतं, ते आत्ताच ठरवू नका. बोरमाळच्या तेजल घार्गेनं काय केलं, ते आधी ऐका.

मी तेव्हा बोरमाळच्या शाळेत गणित शिकवायचो, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून खेळही. आमची शाळा सातवीपर्यंत. सातवी झाली की मुली पांगायच्या. कुणी मामाकडे कराडला, कुणी वाठारच्या हायस्कुलात, कुणी घरीच. त्या वर्षी आमच्या मुलींच्या संघातल्या आठपैकी सहाजणी सातवीत होत्या. स्पर्धा फेब्रुवारीत होती. त्यामुळे हरून बाहेर पडायचं म्हणजे नुसतं हरायचं नव्हतं, त्या आठजणींचा एकत्र खेळ तिथंच थांबणार होता. तेजल त्यांची कॅप्टन. सामन्याला निघताना टेम्पोत तिनं मला विचारलं होतं, "सर, फायनलला गेलो तर अजून एक मॅच मिळतीय ना?" कपाचं तिनं काही विचारलं नाही.

आमच्या गटात तीन शाळा होत्या. बोरमाळ, तांबवस्ती आणि जाखणवाडी. तिघींतला एकच संघ फायनलला जाणार होता. शनिवारी आम्ही तांबवस्तीला हरवलं. संध्याकाळी तांबवस्तीनं जाखणवाडीला हरवलं. रविवारी सकाळी आमचा जाखणवाडीशी सामना होता, आणि त्यांनी पहिली बॅटिंग करून दहा ओव्हरमध्ये शंभर धावा ठोकल्या.

मधल्या सुट्टीत माझ्या मुली बाभळीखाली येऊन बसल्या. टेनिस बॉलवर, त्या ओबडधोबड रानात, शंभर म्हणजे डोंगर.

"एकशे एक कुठनं आणायच्या, सर," तेजल म्हणाली. "आपण आजवर नव्वदच्या वर गेलोच न्हाई."

"एकशे एक झाल्या तर सोन्याहून पिवळं," मी म्हटलं. "पण नाही झाल्या तरी आपण फायनलला जाऊ शकतो."

"हरून?" हे धनूनं विचारलं. धनश्री बर्गे. बॅटिंगला तेजलची जोडीदार आणि बोलण्यात सगळ्यांची पुढारी. "सर, ऊन लागलं का तुम्हाला?"

"ऊन नाही लागलं. बस खाली. आज हरलो तर तिन्ही संघांचा एकेक विजय होतो. मग बरोबरी कशी सोडवणार?"

"टॉस उडवून."

"नाही. काल सकाळी अण्णांनी माईकवर काय सांगितलं? समान गुण झाले तर नेट रनरेट बघणार."

"ते ऐकलं," तेजल म्हणाली. "कळलं न्हाई."

"कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. सोपं आहे. आपण एका ओव्हरला सरासरी किती धावा केल्या, तो आपला रेट. समोरच्यांना एका ओव्हरला सरासरी किती दिल्या, तो त्यांना दिलेला रेट. केलेल्यातून दिलेला वजा केला की उरतो तो नेट. काल आपल्या नव्वद झाल्या, दहा ओव्हरमध्ये. ओव्हरला किती?"

"नऊ," चारपाचजणी एकदम म्हणाल्या.

"तांबवस्तीच्या साठ. ओव्हरला किती?"

"सहा."

"थांबा, थांबा," धनू म्हणाली. "त्या दहा ओव्हर खेळल्याच कुठं? सातव्या ओव्हरला सगळ्या आउट झाल्या की. मंग साठ भागिले सात. आठाच्या वर जातंय सर ते."

मला मनातून फार बरं वाटलं. मुलगी शंका काढते म्हणजे ती ऐकत असते. पण माझ्या आधी धनूचंच डोकं पुढे धावलं.

"आणि आसं आसंल तर लई सोपं हाय की. आपण पटापट धावा करू आणि मंग सगळ्याजणी मुद्दाम आउट होऊ. ओव्हर वाचल्या, रेट वाढला."

मुली हसायला लागल्या. तेजल मात्र हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती. कारण धनूचं म्हणणं चुकीचं आहे हे तिला वाटत होतं, पण का चुकीचं, ते सापडत नव्हतं.

धनूच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. मी विचारलं, "आईनं किती भाकरी दिल्यात?"

"तीन. माझ्या आणि तेजलच्या मिळून."

"समज, आईनं तुला दहा दिल्या. सात खाल्ल्यास, तीन वाटेत कुत्र्याला टाकल्यास. घरी गेल्यावर आई म्हणेल का, की धनूला सातच दिल्या होत्या?"

"आई पाठीत लाटणं घालंल."

"का?"

"दिल्या दहा होत्या म्हणून."

"झालं तर. ओव्हर दहा मिळाल्या होत्या. सगळ्या आउट होऊन तीन वाया घालवल्या, तरी हिशोबात दहाच धरायच्या. म्हणून तांबवस्तीचे ओव्हरला सहाच. आपला नेट नऊ वजा सहा."

"तीन," तेजल म्हणाली. आणि मग जरा थांबून, स्वतःशीच, "म्हणजे सगळ्यांच्या दहाच ओव्हर धरायच्या, तर भागाकार करायचाच कशाला. कितीनं जिंकलो, कितीनं हरलो, एवढंच बघितलं तरी चालंल."

हे मी सांगितलेलं नव्हतं. पुस्तकातही असं लिहिलेलं नसतं. पण त्या दिवशीपुरतं ते अगदी बरोबर होतं, आणि तिनं ते स्वतः शोधून काढलं होतं.

"मग कर हिशोब," मी म्हटलं.

तिनं काडी घेतली. "आपण काल तीसनं जिंकलो. अधिक तीस. जाखणवाडी चारनं हरली. उणे चार. तांबवस्ती तीसनं हरली, चारनं जिंकली. उणे सव्वीस. ती गेली." काडी थांबली. "आज आपण सोळानं हरलो, तर आपल्या राहिल्या चौदा. जाखणवाडीच्या सोळातनं चार गेल्या, बारा. आपण वर." काडी परत हलली. "सतरानं हरलो, तर तेरा आणि तेरा. सारखंच. मंग?"

"मग आपापसात कोण जिंकलं ते बघतात."

"म्हणजे त्या जातील." तिनं काडी टाकली. "चौऱ्याऐंशी पायजेत, सर. चौऱ्याऐंशी झाल्या की आपण हरून फायनलला."

"बोलायलाच कसं वाटतंय बघ," धनू म्हणाली, पण तिनं डबा बंद केला आणि पॅड बांधायला घेतले.

आता त्या शेवटच्या ओव्हरकडे चला. नऊ ओव्हर संपल्या तेव्हा आमच्या चौऱ्याहत्तर झाल्या होत्या. तेजल आणि धनू खेळत होत्या. लोकांच्या हिशोबानं सत्तावीस हव्या होत्या. आमच्या हिशोबानं दहा.

जाखणवाडीची कॅप्टन तबस्सुम मुलाणी. उंच, लांब वेणीची, आणि त्या सगळ्या स्पर्धेतली सगळ्यात जोरात बॉल टाकणारी मुलगी. तिनं आपली एक ओव्हर शेवटासाठी राखून ठेवली होती. पण अण्णांनी सामना संपल्याचं जाहीर केलं आणि तिनं हातातला बॉल स्वतःकडे ठेवला नाही. तिनं हाक मारली, "गुड्डे, ये. तुला खाऊ."

आमच्या भागात पोरांच्या क्रिकेटमध्ये एक रीत आहे. निकाल लागल्यात जमा झाला, की जिंकणारा संघ शेवटची ओव्हर आपल्यातल्या सगळ्यात बारक्या खेळाडूला देतो, ज्याच्या हातात एरवी बॉल येतच नाही. अशा ओव्हरला म्हणतात खाऊची ओव्हर. आणि समोरच्यांनीही त्या ओव्हरला दांडपट्टा फिरवायचा नसतो. हलकेच ढकलायचं, एखादी धाव काढायची, बारक्याला खूश करून घरी पाठवायचं.

गुड्डी चौथीतली. टोपी कानांपर्यंत आलेली. ती रेघेपासून पळत आली ती थेट बॉलकडेच. दोन्ही हातांनी तो धरला आणि स्टंपांपासून मागे पावलं मोजायला लागली.

माझ्याशेजारी आमच्या मुली एकमेकींचे दंड दाबत होत्या. "बारकीला दिली, सर. बारकीला दिली." दहा धावा, आणि समोर चौथीतली मुलगी. खरं सांगतो, मीही मनात म्हणालो की देवच पावला.

तेजल मात्र बॅट काखेत धरून तबस्सुमकडे निघाली होती.

त्यांचं बोलणं मला रेघेवरून ऐकू आलं नाही. धनू तिथंच उभी होती, तिनं नंतर ते मला इतक्या वेळा आणि इतक्या रागानं सांगितलं की माझं पाठ झालं.

तेजल म्हणाली, "ही खाऊची ओव्हर हाय का?"

"व्हय. का गं?"

"मॅच संपली न्हाई. खाऊची ओव्हर मॅच संपल्यावर द्यायची आसतीया."

तबस्सुम हसली. "सत्तावीस मारतीस का? मार की."

"सत्तावीस न्हाईत. आम्हाला दहा पायजेत. दहा झाल्या तर आम्ही हरतो, पण फायनलला जातो."

"तेजे, गप," धनू म्हणाली. तिनं हे तीन वेळा म्हटलं, असं तिचं म्हणणं आहे.

तबस्सुमच्या कपाळाला आठी पडली. "चेष्टा करतीस व्हय."

तेव्हा तेजल खाली बसली आणि बॅटच्या कोपऱ्यानं मातीत पायऱ्या काढायला लागली. विहिरीच्या असतात तशा. "हे बघ. काल आम्ही तीसनं जिंकलो, म्हणून आम्ही हितं, तीस पायऱ्या वर. तुम्ही चारनं हरलात, म्हणून तुम्ही चार पायऱ्या खाली. आज तुम्ही आम्हाला हरवताय. जेवढ्या धावांनी हरवाल, तेवढ्या पायऱ्या आम्ही उतरणार आणि तेवढ्याच तुम्ही चढणार. कळलं?"

"पुढं बोल."

"सतरा झाल्या की आपण एका पायरीवर. मंग तुम्ही फायनलला, कारण आज जिंकणार तुम्ही. पण सोळावरच थांबलं तर आम्ही अजून तुमच्या वर. म्हणून आम्हाला चौऱ्याऐंशी करायच्यात. आता चौऱ्याहत्तर हायत."

तबस्सुम मातीतल्या पायऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. अंपायर म्हणाले, "काय गं पोरींनो, हितंच संसार मांडताय का?" तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग तिनं तेजलला विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या सरांनी. मगाशी."

"आणि तू मला का सांगतीस?"

"खाऊच्या ओव्हरला जोरात मारायचं नसतंय," तेजल म्हणाली. "आणि मला मारायचंय."

एवढंच. तबस्सुम वळली, गुड्डीकडे गेली आणि हात पुढे केला. गुड्डीनं आधी बॉल पाठीमागे लपवला. मग दिला. ती मान खाली घालून रेघेकडे परत निघाली, आणि दिनकरअण्णांनी माईकवर जाहीर केलं, "जाखणवाडीच्या कप्तानांनी हा काय निर्णय घेतलाय, ते आम्हाला समजलेलं नाही."

धनू आपल्या जागी जाताजाता ओरडली, "आता मार. फुकट शाणपणा केलायस, तर मार."

तबस्सुम इतक्या लांबून पळत आली की तिच्या वेणीचं टोक मागे आडवं झालं. पण मनात दहा धावांचं ओझं घेऊन टाकलेला बॉल सरळ जात नाही. पहिलाच वाइड गेला. पंचाहत्तर. पुढचा तेजलला दिसलासुद्धा नाही. त्यापुढचा बॅटच्या कडेला लागला आणि त्याच वेगानं विकेटकीपरच्या बाजूनं रेघेपार. एकोणऐंशी. आमच्या मुली किंचाळल्या, आणि जेवायला निघालेली माणसं जागीच थांबली. हरणारा संघ कशाला नाचतोय, ते कुणाला कळेना.

मग तेजलनं एक काढली, धनूनं एक काढली. एक्क्याऐंशी. पाचव्या बॉलला तेजलनं मिडविकेटला ढकलून दोन पळून काढल्या, दुसरीला धनू धुळीत लोळत पोचली. त्र्याऐंशी.

शेवटचा बॉल. एक धाव झाली तर आम्ही वर, नाही तर त्या. सगळ्या मैदानावर हे माहीत असलेली माणसं आता नऊ मुली, मी आणि, मला वाटतं, अंपायर. बॉल आला, तेजलनं तो नुसता पायाशी पाडला आणि पळाली. तबस्सुमनं झेपावून उचलला, फेकला. स्टंपांना वीतभर अंतर ठेवून तो पलीकडे गेला.

"जाखणवाडी सोळा धावांनी विजयी," अण्णा म्हणाले. आणि आमच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. अण्णांनी माईक चालूच ठेवून शेजारच्याला विचारलं, "ह्यांना काय झालंय?" ते चार गावांनी ऐकलं.

मी अण्णांपाशी जाऊन हिशोब मांडला, त्यांच्या माणसांनी दोनदा पडताळला आणि बोरमाळचं नाव फायनलसाठी पुकारलं. जाखणवाडीच्या मुली तबस्सुमभोवती जमल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणत होती, "जिंकून घरी जायचं व्हय?" तबस्सुम त्यांच्यासाठी मातीत पायऱ्या काढत होती.

फायनल दुपारी तीनला होती. ती आम्ही साफ हरलो, ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात ती अडकून राहायला नको. दुसऱ्या गटातून आलेल्या कारखान्याच्या शाळेच्या मुली फारच चांगल्या होत्या. पण आमच्या आठजणी शेवटपर्यंत खेळल्या आणि टेम्पोत गाणी म्हणत परत आल्या.

मला सांगायचंय ते फायनलच्या आधीचं.

मुली बाभळीखाली जेवायला बसल्या. तेजल हात धुवायला म्हणून टाकीकडे गेली. तिथं तबस्सुमही पाणी पीत होती. तिथलं बोलणं तेजलनं मला नंतर सांगितलं.

"एक सांगू का," तबस्सुम म्हणाली. "तू सांगितलं नसतंस आणि गुड्डीनं टाकली आसती, तर तुझ्या दहा झाल्या नसत्या."

"का?"

"तिचे बॉल इतके हळू येत्यात, कुणाला मारताच येत न्हाईत. मलासुद्धा. जो तो आधीच बॅट फिरवून बसतोय. माझा जोर होता म्हणून तुझी कड रेघेपार गेली."

तेजल हसली. तबस्सुमही हसली, थोडी उशिरा. आणि मग तेजलनं विचारलं, "ती कुठं हाय?"

गुड्डी रिकाम्या मैदानाच्या मध्यावर होती. स्टंप अजून उभेच होते. ती त्यांच्या मागे जाऊन पावलं मोजत होती, मग वळून पळत येत होती आणि रिकामा हात गोल फिरवत होती. पुन्हा मागे, पुन्हा पावलं.

मी बाभळीखालून हाक मारली, "तेजल, जेवून घे. तीनला मॅच आहे, जरा सावलीत बस."

"आले, सर," ती म्हणाली, आणि उलट्या दिशेनं निघाली. आमच्या सामानातून तिनं बॅट घेतली, बॉल घेतला. पॅड घेतले नाहीत. मैदानात जाऊन बॉल गुड्डीच्या हातात ठेवला आणि समोरच्या स्टंपांपुढे जाऊन उभी राहिली.

"तुझी ओव्हर राहिलीया," ती म्हणाली. "टाक."

गुड्डीनं आधी तबस्सुमकडे बघितलं. तबस्सुम पाण्याचा तांब्या खाली ठेवून विकेटकीपरच्या जागी येऊन बसली होती. मग गुड्डीनं टोपी मागे सारली, पावलं मोजली आणि पळत आली. बॉल तिच्या हातातून सुटला, वर गेला, खाली आला, एक टप्पा पडला, मग सावकाश दुसरा. तेजलची बॅट केव्हाच फिरून गेली होती. बॉल जाऊन मधल्या स्टंपाला टेकला, आणि बेल्स पडल्या.

तबस्सुम म्हणाली, "सांगितलं होतं ना."

गुड्डी नाचली नाही, काही नाही. ती हात पुढे करून तिथंच उभी राहिली.

"अजून पाच हायत," ती म्हणाली.

तेजलनं बेल्स उचलून स्टंपांवर नीट ठेवल्या, बॉल परत तिच्याकडे टाकला, आणि पुन्हा उभी राहिली.